सीटखालचा खटका

मित्रांनो, मी एक जुना, बुटका ट्रॅक्टर आहे. बॉनेटला डावीकडे पोचा आहे, रंग विटलाय, आणि मोठमोठी रानं नांगरणारे आमचे थोरले भाऊबंद मला बघून अजूनही हसतात. हसू देत बापडे. त्यांच्या नशिबी शेकडो एकर आले, माझ्या नशिबी एल्मा कांगस आली. कुणी अदलाबदल करतोस का म्हणून विचारलं तर मी साफ नाही म्हणेन.

माझा जन्म कारखान्यात झाला. इंजिन बसलं, चाकं बसली, दिवे लागले, आणि अगदी शेवटी एका कामगार बाईने माझ्या सीटखाली अंगठ्याएवढा एक खटका बसवला. सीटवर माणूस बसलं की तो दाबला जातो. माणूस उठलं की सुटतो, आणि मी कामात असेन तर तिथल्या तिथे बंद पडतो. माणूस खाली पडलं आणि यंत्र आपलं पुढे चालतच राहिलं, असं होऊ नये म्हणून ही सोय. मला मात्र तेव्हा त्या खटक्याचा भारी राग यायचा. एवढं दणकट इंजिन, आणि त्याने एका टिचभर खटक्याचं ऐकायचं! पण माझ्या आयुष्याची सगळी गोष्ट त्या खटक्याचीच आहे.

माझा पहिला धनी एका शाळेच्या मैदानाचं गवत कापायचा. स्वभावाने गोड, पण गाणं म्हणताना डोळे मिटायचा. असाच एकदा त्याने मला झेंड्याच्या खांबावर नेऊन आदळलं. हा पोचा त्या गाण्याचा. पुढे शाळेने नवा ट्रॅक्टर घेतला आणि मी हार्लनच्या विक्रीच्या आवारात अगदी मागच्या रांगेत जाऊन पडलो. तिथे मी फार दिवस काढले, मित्रांनो. गिऱ्हाईक यायचं, माझ्या बॉनेटवर कोपर टेकायचं आणि शेजारच्या ट्रॅक्टरबद्दल विचारायचं. मी कोपर टेकायला सोयीच्या उंचीचा होतो, एवढंच माझं कौतुक.

अशात एका शरदात एल्मा आली. मिशिगनच्या या वरच्या टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठी, बर्फ पडायला लागलं की खिडक्या बुजेपर्यंत थांबत नाही. तिचा नवरा आर्वो त्याच वसंतात गेला होता. त्याचा जुना ट्रॅक्टर त्याच्यासारखाच आडदांड, तो काही तिच्याने हलेना. म्हणून ती नवा बघायला आली होती. बरोबर मुलगा डेल होता, तो चार तासांवर ग्रीन बे शहरात राहतो. आणि शेजारचा ऑर्विल होता, कारण कुठेही ट्रॅक्टर बघायचा असला की ऑर्विल असतोच.

बाई एवढीशी, माझ्या चाकाहून थोडी उंच. पण अंगात जाडजूड हिवाळी कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे बर्फातले बूट, आणि बाहेर चांगलं लख्ख ऊन!

"एल्मा, अगं बर्फ पडायला अजून अवकाश आहे!" ऑर्विल हसायला लागला.

"मग ट्रॅक्टर काय मी उन्हाळी चपला घालून चालवणार आहे?" एल्मा म्हणाली. "या बुटांनी चढता येतंय का, ते बघायला आले मी."

मी मागच्या रांगेत कान टवकारले. बाई हुशार होती.

तिच्या खिशात कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक तुकडा होता. त्याला गाठ मारलेली. कोठाराच्या दाराची रुंदी तिने त्या दोरीवर मापून आणली होती. प्रत्येक ट्रॅक्टरला ती दोरी लावायची, मान हलवायची आणि पुढे जायची. डेल घाम पुसत मागून.

"आई, ताकद बघ गं, दोरी काय लावतेस! दार रुंद करून देतो मी."

"आर्वोने केलेलं दार आहे ते. ट्रॅक्टर बदलेल, दार नाही बदलणार."

"मुळात तू हे सगळं करतेसच कशाला? माझ्याकडे खोली रंगवून तयार आहे. तिथे नगरपालिकेची गाडी येऊन बर्फ काढून जाते."

"आणि मी काय करू? खिडकीत बसून त्या गाडीला हात करू?"

डेल म्हणाला, "आई, मला भीती वाटते. वाट बंद झाली आणि तुला काही झालं तर दवाखान्याची गाडी दारापर्यंत येणार कशी?" त्याने आईच्या कोटाची बाही धरली. "एक हिवाळा बघू. घरापासून सडकेपर्यंतची वाट तू स्वतः मोकळी ठेवलीस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण वाट बंद पडली, की सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," एल्मा म्हणाली.

म्हणजे बघा, बाई नुसता ट्रॅक्टर निवडत नव्हती. तिचं घर, सफरचंदाची झाडं, आर्वोने बांधलेली सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची ती लाकडी खोली, सगळं त्या निवडीवर होतं.

डेलच्या मनात भरलेला ट्रॅक्टर पुढच्या रांगेत होता. उंच, चकचकीत, मिजासखोर. एल्मा दोन्ही हातांनी धरून कशीबशी वर चढली. पाय पेडलला पोचेना, म्हणून ती सीटच्या कडेला सरकली. पेडल दाबलं, आणि फुस्स! ट्रॅक्टर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद.

हार्लनने लाजत लाजत सांगितलं, "कांगसबाई, सीटखाली खटका असतो. वजन नीट पडलं नाही तर त्याला वाटतं, सीटवर कुणी नाहीच."

"म्हणजे हा मला माणसात धरत नाही तर!" एल्मा खाली उतरली. "चला, पुढे."

"नाकापेक्षा मोती जड," ऑर्विल पुटपुटला. तोपर्यंत तोच ट्रॅक्टर घे म्हणून कानीकपाळी ओरडत होता, बरं का.

अशी करत करत ती माझ्यापर्यंत आली. दोरी लावली. गाठ माझ्या चाकाबाहेर उरली. बूट सहज पायरीवर आला. ती बसली, पाय पेडलला टेकला, आणि माझ्या सीटखाली खटका अलगद दाबला गेला. मला ती कळली, मित्रांनो. इतकी हलकी, तरी कळली. शाळेतल्या त्या गाणाऱ्याने माझ्या सीटची स्प्रिंग चांगली मऊ करून ठेवली होती, देव त्याचं भलं करो. मी असा धडधडलो की ऑर्विल दचकला.

"हा," एल्मा म्हणाली.

"आई, याला पोचा आहे!" डेल ओरडला.

"मलाही दुखरे गुडघे आहेत. कुणी काही बोलतं का?"

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी धमाल केली. माझ्या तोंडाशी बर्फ उडवायचं यंत्र बसवलं होतं. सकाळी उजाडलं की एल्मा कोठारात यायची, बॉनेटवरच्या पोच्यावर थाप मारून म्हणायची, "चल रे बुटक्या." बर्फाचा फवारा उडवत आम्ही सडकेपर्यंत जायचो आणि परत यायचो. दर शनिवारी ती ऑर्विलला हाक मारायची. सौना तापायची, मग मटणाची कणकेत भाजलेली पॅस्टी आणि वेलदोड्याचा पाव. वाट एकदाही बंद पडली नाही. वसंतात डेल आला, मोकळी वाट बघितली, आणि दिल्या शब्दाला जागला. त्याने विषय काढला नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली म्हणा! एकदा पैज जिंकल्यावर सगळे निर्धास्त झाले. उन्हाळ्यात ऑर्विलचे दोन्ही गुडघे बदलले, त्याचं येणं थांबलं. एकटीसाठी सौना कोण तापवणार, म्हणून एल्माने ती तापवणं सोडलं. एकटीसाठी चूल तरी कोण पेटवणार? पाव आणि कॉफी, कॉफी आणि पाव. हे मला कसं कळलं? मी कोठारात असतो, स्वयंपाकघरात नाही. पण दुसऱ्या हिवाळ्यात ती माझ्यावर बसली आणि खटका नेहमीसारखा दाबला गेला नाही. नुसता टेकला.

बर्फ पडायला लागलं तसा मी बंद पडायला लागलो. ती कोपऱ्यावर बघायला जरा वाकली की बंद. उतारावर जरा पुढे सरकली की बंद. बिचारी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवायची, थंडीत नाक लाल. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एल्मा, दोष माझा नाही गं, तू कमी होत चाललीस, हे कोणत्या तोंडाने सांगू? मला तोंड आहे, पण त्यातून फक्त बर्फ उडतं.

काठी टेकत ऑर्विल आला. माझ्यावर बसून बघितलं. मी ठणठणीत चाललो.

"खटका मधूनच सुटतोय याचा," तो म्हणाला. "दोन तारा एकमेकींना जोडून टाकतो. मग सीटवर कुणी असो नसो, हा चालत राहील."

माझ्या अंगावर काटाच आला. पण एल्मा म्हणाली, "नको. आर्वोचा भाऊ तसल्याच ट्रॅक्टरखाली गेला होता, विसरलास?" ऑर्विलने जीभ चावली आणि पक्कड खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी एल्मा एक पोतं ओढत आली. हिवाळी पाखरांना घालायच्या सूर्यफुलाच्या बियांचं. ते तिने मांडीवर घेतलं, लेकराला घ्यावं तसं, आणि वरून पट्टा बांधला. खटका दाबला गेला. मी चालू झालो.

"डेलला सांगायचं नाही हं," ती मला म्हणाली. "नाहीतर नेईल मला."

झालं! आमची अळीमिळी गुपचिळी. रोज वाट मोकळी होत होती. रोज ऑर्विलला माझा आवाज ऐकू जात होता आणि तो मनाशी म्हणत होता, एल्मा मजेत आहे. डेल फोनवर विचारायचा, "वाट मोकळी आहे ना?" ती म्हणायची, "अगदी." खोटं काहीच नव्हतं, आणि तरी सगळं खोटं होतं.

नाताळाला डेल न सांगता आला. आम्ही सडकेपाशीच होतो. त्याने मांडीवरचं पोतं बघितलं.

"हे काय गं?"

"पाखरांना घालायला चाललेय."

"ट्रॅक्टरवरून?" त्याने पोतं उचललं, आणि मी बंद पडलो. मित्रांनो, माझा नाइलाज होता.

डेलला वाटलं, बिघाड आहे. आईला उतरायला सांगून तो स्वतः बसला, मी चाललो. उतरला. एल्मा पायरीवर चढायला लागली, पण दमल्यामुळे तिला चढवेना. तेव्हा त्याने तिला दोन्ही हातांनी उचललं, आणि तसाच उभा राहिला. मला दोन महिने जे माहीत होतं, ते त्याच्या हातांना एका क्षणात कळलं.

"आई," तो म्हणाला, "तू कोटात आहेस कुठे?"

"थंडीने भूक लागत नाही रे."

"थंडीने? या थंडीत बाबा तीन पॅस्ट्या खायचे!"

"ते होते म्हणून मी करत होते," एल्मा म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "एकटीसाठी ताट वाढलं की घास फिरतो तोंडात. मला नेऊ नकोस डेल. वाट मोकळी आहे बघ. शब्द दिलायस तू."

"वाटेवर मी लक्ष ठेवत होतो गं," डेल म्हणाला. "तुझ्यावर कोण ठेवत होतं?" तोही रडत होता. थंडीत दोघांची नाकं गळत होती, आणि मी मधे मुकाट उभा.

डॉक्टरांनी तपासलं. रोग काही नव्हता, पोटात अन्न नव्हतं. डेल तिला घेऊन जायलाच निघाला होता, पण एल्मा हटून बसली. शेवटी त्याने नवी अट घातली. "बर्फ सरेपर्यंतची मुदत. तेवढ्यात तू पोतं न घेता याच्यावर बसायचं. हा चालला तर तू इथेच. बंद पडला तर माझ्याबरोबर."

सगळं माझ्या सीटखाली येऊन पडलं. खटक्याला खोटं बोलता आलं असतं, तर मी त्याला शिकवलं असतं.

त्या दिवसापासून ऑर्विल रोज दुपारी काठी टेकत जेवायला यायला लागला. "मी काही तुझ्यासाठी येत नाही," तो दारातूनच ओरडायचा, "माझ्या हातचं मलाच गिळवत नाही!" दोघांसाठी चूल पेटली. शनिवारी सौनाच्या धुराड्यातून धूर निघायला लागला. डेल दर पंधरवड्याला यायचा. मी कोठारात एकटाच तो धूर बघायचो आणि मनात म्हणायचो, आणखी एक पॅस्टी घे गं एल्मा, लोण्यासकट घे.

एप्रिलात शेवटचं बर्फ पडलं. डेल आला, ऑर्विल आला. एल्माने तेच बूट, तोच कोट घातला. पोतं कोठाराच्या दारापाशी ठेवलं. पोच्यावर थाप मारून म्हणाली, "चल रे बुटक्या, लाज राख." बसली. खटका खाली गेला. चांगला, पुरता. मी सुरू झालो. उतारावर ती पुढे सरकली, मी चालत राहिलो. कोपऱ्यावर वाकली, मी चालत राहिलो. सडक आली. तिने मागे वळून बघितलं, तर दोघेही टाळ्या पिटत होते. बाई आनंदाने उभी राहिली, दोन्ही हात वर केले, आणि मी खाडकन बंद पडलो.

तिकडे डेलच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, बसते रे बाबा, बसते!" एल्मा ओरडली, आणि हसत हसत धपकन माझ्या सीटवर बसली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, पण अजून एल्माचाच आहे. तुम्हीही माझ्यासारख्यांची निगा राखा, तेलपाणी करा, आणि सीटखालच्या खटक्याच्या तारा कधी कुणाला जोडू देऊ नका. आणि एखादं यंत्र एकाच माणसाच्या हातात सारखं बंद पडायला लागलं, तर पक्कड घेऊन धावण्याआधी त्या माणसाला जेवलास का म्हणून विचारा. मला विचारता येत नव्हतं. मला फक्त बंद पडता येत होतं.