लायलनं निवडलेली जागा

मधमाश्या ऑक्टोबरात आल्या. त्या मागवणारा लायल ऑगस्टातच वारला होता. त्याच्या बायकोनं, एल्वानं, पेटी उतरवून घेतली, सही केली आणि चहा टाकला. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही. लोक केक घेऊन भेटायला यायचे, हुंदके द्यायचे, आणि ही समोर ढिम्म. दोन महिने तिला काही म्हणता काही वाटत नव्हतं.

पेटीची जागा लायलनं फेब्रुवारीतच ठरवली होती. शेडच्या मागे, दक्षिणेला, चार विटा मांडून ठेवल्या होत्या. पठ्ठ्यानं जन्मात एक माशी पाळली नव्हती, पण आजोबांनी इंग्लंडहून आणलेलं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं.

शेजारच्या मर्व्हची चाळीस वर्षं माश्यांत गेलेली. विटांवर ठेवलेली पेटी बघून त्यानं कपाळाला हात लावला.

“दक्षिणेला तोंड? हे कुणाचं डोकं?”

“पुस्तकात आहे तसं.”

“अगं, ते पुस्तक इंग्लंडचं! तिकडं ऊन दक्षिणेकडून येतं. आपल्या टास्मानियात, दक्षिण गोलार्धात, उत्तरेकडून. इथं हिवाळाभर शेडची सावली, वर तो बर्फाळ वारा. गारठून मरतील बिचाऱ्या.”

“जागा लायलनं निवडलीय.”

“लायल माझाही दोस्त होता, पण—”

“पेटी इथंच राहील, मर्व्ह.”

लायलनं ठरवलेलं आता एवढंच शिल्लक होतं. ते मोडायला तिचा हात उठेना.

उन्हाळा निभावला. एप्रिल सरत आला, हिवाळा जवळ आला, तसं अकरा वाजले तरी पेटीच्या झाकणावरचं दव सुकेना. पेटीच्या दाराशी रोज मूठभर मेलेल्या माश्या पडायच्या. एल्वा त्या झाडून टाकायची आणि घरात जायची. पण एका सकाळी दोन मुठी निघाल्या. त्या संध्याकाळी माश्या आत गेल्यावर तिनं दाराला जाळी लावली, पेटी हातगाडीवर चढवली आणि तीस पावलांवर, सफरचंदांच्या ओळीपाशी, उत्तरेला तोंड करून ठेवली. मग जाळी काढली. मर्व्हला विचारलं नाही. त्याचं ‘मी सांगत होतो’ ऐकायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी छान ऊन पडलं आणि शेडमागे, त्या मोकळ्या विटांवर, शेकडो माश्या घिरट्या घालायला लागल्या. तिनं धावत जाऊन मर्व्हला आणलं.

“एकदम तीस पावलं?” तो म्हणाला. “रोज हातभर सरकवायची असते, बाई, नाहीतर थेट पाच-सहा किलोमीटर लांब न्यायची. जागा पाठ असते त्यांना. पेटी हलली तरी त्या तिथंच येणार.”

“मग आता?”

“संध्याकाळी इथं रिकामा खोका ठेवू. त्यात बसल्या की उचलून तिकडं सोडायच्या. उद्या पुन्हा येतील. पुन्हा न्यायच्या. थांब, खोका आणतो.”

तो गेला. माश्या विटांवर उतरत होत्या, दार शोधत होत्या, पुन्हा उडत होत्या. बघता बघता एल्वाला राग आला. माश्यांचा नाही, लायलचा. सणसणीत राग.

“अरे, पुस्तकं कसली वाचत बसलास!” ती विटांवर ओरडली. “तीस वर्षं या अंगणात कपडे वाळत घालतेय मी. ऊन कुठं पडतं ते मला विचारायचं होतंस! एकदा तरी विचारायचं होतंस, लायल!”

मग ती गवतात बसली आणि तिला रडू फुटलं.