बांधून ठेवलेली बोट

पूनमनं फळी उचलून इंजिनावर तळहात टेकवला आणि चटकन मागं घेतला.

"गरम हाय," ती म्हणाली.

"मग? इंजिन आहे ते, माठ न्हाई," इंद्रजीत काठावरून हसला. बोट त्याची होती. केबिन असलेली, पांढऱ्या फायबरची, खिडक्यांना निळे पडदे. भीमेच्या पाण्यात ती अशी डुलत होती की बघणाऱ्यानं आधी होच म्हणावं.

पूनमच्या आजोबांनी, गेणबांनी, मनातल्या मनात ते म्हटलंही होतं. केबिनमध्ये उभे राहून ते एक पडदा सरकवत होते. उघडला, लावला, परत उघडला.

"आबा, अजून चार गोष्टी बघायच्यात," पूनमनं वही पुढं धरली. शेवटच्या पानावर तिनं अकरा मुद्दे काढले होते आणि सातांपुढं बरोबरची खूण केली होती. बोटीचा नंबर कागदाशी जुळतो. सुकाणू ढिलं नाही. केबिनला कुबट वास नाही. बाकाखालच्या खणात पार कोपऱ्यापर्यंत हात घालून पाहिलं, कोरडा. राहिलेल्या चारांत बुड होतं. ते बघता आलं नव्हतं, कारण बोट पाण्याबाहेर ओढायला ट्रॅक्टर लागतो आणि तो म्हणे आज मोकळा नव्हता.

"कितवीला गं तू?" इंद्रजीतनं विचारलं.

"दहावीला."

"दहावीला आता बोटीचा धडा आहे व्हय?"

"न्हाई. मोबाईलवर शिकले. सात व्हिडिओ बघितले."

"आमच्या पप्पूनं पण व्हिडिओ बघूनच ट्रॅक्टर खोलला. अजून खोललेलाच आहे."

मागच्या वर्षीची पूनम यावर मान खाली घालून गप्प बसली असती. आत्ताची पूनम मनापासून हसली आणि म्हणाली, "तरीच आज मोकळा न्हाई. पण दादा, इंजिन थंड होऊ द्या, मग चालू करून दाखवा. गरम इंजिन कुणाचंबी चालू होतंय."

"अगं, दोन तास जातील."

"जाऊ द्या."

"बारा वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार आहे."

"मग त्यांनाबी थंडच मिळंल की."

"पूने, पुरं झालं," गेणबा केबिनमधून म्हणाले. "मालकांचा खोळंबा नको." त्यांचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला. पिवळ्या कापडाची, भंडाऱ्याची पिशवी. घेतलेल्या मेंढराच्या पाठीवर त्यांनी चिमूटभर भंडारा टाकला की सौदा संपला. मग ते परत करायचं नाही, त्याला नाव ठेवायचं नाही. उभ्या जन्मात त्यांनी हे मोडलं नव्हतं.

गुडघ्यांनी साथ सोडली आणि गेल्या महिन्यात सगळा कळप विकावा लागला. त्याच्या पैशात भिगवणला पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी सावलीची बोट घ्यायची, असं घरात ठरलं. चालवणार पूनमचा भाऊ सुरज. कुरकुंभच्या कारखान्यातलं काम सोडतो म्हणून त्यानं साहेबांना सांगूनही टाकलं होतं. आज त्याची तिथं सकाळची पाळी होती, म्हणून आबांबरोबर पूनम आली. कळपाच्या बदल्यात जे यायचं, ते एकदाच येणार होतं.

ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आबा, बाजारात मेंढरू घेताना तुम्ही काय करायचा?"

गेणबांचा हात थांबला. मीठ चारून, वर पाणी पाजून पोट तट्ट फुगवलेली मेंढरं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. घ्यायचं मेंढरू ते आपल्या खुंट्याला बांधायचे आणि पोट उतरेपर्यंत समोर बसून राहायचे. एकदा एका व्यापाऱ्याला त्यांनी दिवस कलेपर्यंत बसवलं होतं.

"ती मेंढरं हुती," ते पुटपुटले. पण पिशवीची गाठ सोडली नाही. केबिनमधून उतरले आणि बाभळीखाली जाऊन बसले.

पूनमनं वही दप्तरात टाकली, दप्तर उन्हात नको म्हणून बाकाखालच्या खणात ठेवलं आणि त्यांच्या शेजारी येऊन मांडी घातली.

वेळ जाईना. इंद्रजीत घड्याळाकडं कमी आणि बोटीकडं जास्त बघत होता. दोनदा तो उठला.

"जरा आत जाऊन येतो."

"बसा की दादा," पूनम म्हणाली. "तुम्ही आत गेला की ते परत गरम व्हायचं."

बारा वाजून गेले. दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. पूनमनं इंजिनाला हात लावला. थंडगार. मग इंद्रजीतनं चावी फिरवली.

पहिल्याच फिरवणीला इंजिन सुरू झालं. धूर नाही, खोकला नाही.

"झालं समाधान, बाईसाहेब?"

पूनमचे कान तापले. दोन तास सगळ्यांना उन्हात बसवलं आणि निघालं काहीच नाही. गेणबा मात्र हसले. कळप गेल्यापासून ते असे हसले नव्हते. बोटीवर चढून त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि बोटांत भंडारा धरला.

"चुकलं माझं," पूनम म्हणाली आणि दप्तर घ्यायला आत गेली.

ते जड लागलं.

ती केबिनच्या दारात आली आणि तशीच उभी राहिली. दप्तराच्या बुडातून पाणी गळत होतं. एक थेंब फळीवर पडला, दुसरा गेणबांच्या वहाणेवर.

"ते... पंप लावला की निघतं सगळं," इंद्रजीत म्हणाला. "इंजिनावरच चालतो तो. आज सकाळीच तर—"

तो थांबला. सकाळी इंजिन कशासाठी चालवलं होतं, ते मग कुणी विचारलं नाही.

गेणबांनी बोटांतला भंडारा परत पिशवीत सोडला. बोटं कपाळाला लावली. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

रस्त्याच्या कडेला दोघं जीपची वाट बघत बसली.

"पडदे लई चांगले हुते," गेणबा म्हणाले.

"व्हय, आबा."

"वाच ती तुझी यादी. पहिल्यापासनं."

पूनमनं वही उघडली. शेवटच्या पानावर शाईचं निळं तळं झालं होतं.

"वाचायला काय ऱ्हायलं न्हाई."

"मग तोंडानं सांग. दुसरी बगायला जायाचं हाय ना?"

ती सांगू लागली. बोटानं टकटक करून फायबर पोकळ वाजतंय का. बोल्टांना गंज. नवा रंग नेमका कुठं दिलाय. दर मुद्द्याला गेणबा एक बोट दुमडत होते, संध्याकाळी मेंढरं मोजायचे तसं. दहा बोटं संपली, अकराव्याला त्यांनी पहिलं बोट पुन्हा दुमडलं.

"आन् बारावं?"

"बारावं तुमचं, आबा."

गेणबांनी दुमडलेल्या बोटाकडं पाहिलं.

"बांधायचं," ते म्हणाले, "आन् बसायचं."

जीप येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.