विमानातून परत आलेला तांब्या

मित्रांनो, पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीच्या फळीवर बसलेला हा फिरकीचा तांब्या सकाळी विमानात बसला, परदेशाच्या डोक्यावर जाऊन आला आणि दुपारी परत जमिनीवर होता, असं मी सांगितलं तर तुम्ही गालातल्या गालात हसाल. हसा. आमची वाडीही हसली होती. मी वाईट वाटून घेत नाही, कारण संशय माझ्या जन्माबरोबरच आलेला आहे.

नगरच्या एका तांबटाने मला घडवलं. माझ्या तोंडाला आतून आटे पाडले आणि त्यात फिरवून बसणारं झाकण केलं. मग मला पाण्याने गच्च भरून कोरड्या राखेवर उलटं ठेवलं आणि स्वतः जेवायला गेला. परत आल्यावर राख चिमटीत धरून पाहिली. ती कोरडी निघाली तेव्हा कुठं त्याने माझ्यावर विश्वास टाकला. शेवगावच्या बाजारात आक्काबाईच्या नवऱ्याने मला विकत घेतलं, तेही तीनदा हलवून, कानाशी धरून.

त्यानंतरची माझी कामाची वर्षं चांगली गेली. दर साली दिवाळी झाली की आमची मंडळी बैलगाडी जुंपून ऊसतोडीला कारखान्यांच्या मुलखात जात. मी गाडीच्या साट्याला लटकलेला असे. फडात ऊन तापलं की आक्काबाई माझं झाकण फिरवायची, आणि बायका म्हणायच्या, "लई गुनाचा हाय गं ह्यो. गाडी उलथली तरी थेंब सांडायचा न्हाई." पितळेलाही स्तुती कळते. त्या दिवशी मी जरा जास्तच चमकत असे.

पुढे आक्काबाईचा नवरा गेला. मुलगा बन्सी लष्करात ड्रायव्हर होता. तिथून सुटल्यावर तो दूर पाटण्याला, विमानांना तेल पुरवणाऱ्या गाडीवर लागला. बहात्तर सालच्या आषाढात तो रजेवर आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "आई, मला वर्षातून एकदा विमानाचा फुकट पास मिळतो. तुला परदेशात नेऊन आनतो. नेपाळात. सकाळी जायचं, पशुपतीचं दर्शन घ्यायचं, सांजच्याला पाटण्यात परत."

आक्काबाईने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "आन् मधी मुक्काम कुठं?"

"मुक्कामच न्हाई. पाटण्यातली पैशावाली मानसं तशीच जात्यात. सकाळी विमानात बसायचं, तिकडच्या बाजारात नायलॉनची लुगडी घ्यायची, छत्र्या घ्यायच्या, आन् जेवायला घरी."

ही बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. आक्काबाईची धाकटी जाऊ छबूबाई टँकरच्या रांगेत हंडा ठेवून म्हणाली, "पाथर्डीच्या बाजाराला जाऊन याया दिस मोडतो. ही परदेशाला जाऊन सांजच्याला परत येनार. सोनं आनायचं असंल तर सरळ सांगावं माणसानं."

त्या वर्षी आमच्याकडे पाऊस नव्हता. विहिरींनी तळ दाखवला होता आणि माणसं खडी फोडायच्या कामावर होती. पाऊस लांबला की आमच्या वाडीत महादेव कोंडायची चाल आहे. गाभाऱ्याचं दार बंद करून पिंडी बुडेपर्यंत आत पाणी ओततात, म्हणजे देव गुदमरतो आणि पाऊस सोडतो. पण त्या साली देवाला गुदमरवायला पाणी आणायचं कुठून? टँकरचं पाणी माणसांच्याच घशाला पुरत नव्हतं. तेव्हा देवळापुढे बसून ठरलं, की आक्काबाई एवढी जातेच आहे तर वाडीचं पाणी थोरल्या महादेवाला पाठवावं. घरटी एक आमटीची पळी. एकतीस घरं, एकतीस पळ्या.

आता कारभारी पुढे आला. कारभारी हे त्याचं नाव, आणि वाडीचा कारभारही तोच बघायचा. आलेलं पत्र पोस्टमनने वाचलं असेल म्हणून तो पाकीट उन्हाला धरून पाही. आक्काबाई त्याची भावकीतली वहिनी लागे.

"वैनी, रागाला जाऊ नका," तो म्हणाला, "पन पाणी मनमाडच्या नळाला बी मिळतं. झाकनाला लाख लावू. ती फोडायची ते पशुपतीच्या म्होरंच."

"लावा की भावजी," आक्काबाई म्हणाली. "तुमच्या जिवाला घोर नगं."

देवळापुढे मला ठेवलं. एकेक घर येऊन माझ्यावर वाकलं. कारभाऱ्याची म्हातारी आई, बनुबाई, तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या घरची पळी कारभाऱ्यानेच आणली. एकतीस पळ्या माझ्या तोंडाशी वाकल्या, मित्रांनो. आत किती उतरल्या ते माझ्या पोटाला ठाऊक होतं, पण तांब्याला कोण विचारतो?

मग त्याने विळ्याच्या मुठीत भरतात ती लाख वितळवली, माझ्या झाकणाच्या सांध्यावर ओतली आणि ओला अंगठा दाबला. त्या अंगठ्यावर कोयत्याचा जुना तिरपा घाव होता. लाखेत तो तसाच उमटला. त्या दिवसापासून मी आक्काबाईचा राहिलो नाही, वाडीचा झालो.

एस.टी., आगगाडी, परत आगगाडी. वाटेत प्यायला दुसरा डबा होता. मी आक्काबाईच्या मांडीवर. झोपली तरी तिचा हात माझ्या गळ्याभोवती असे.

पाटण्याच्या विमानतळावर एका पोलिसाने मला उचललं. आदल्याच वर्षी कुणीतरी विमान पळवून नेलं होतं म्हणे, त्यामुळे त्याला वांग्यातही पिस्तूल दिसत असावं. त्याने मला हलवलं, कानाशी धरलं, आणि लाखेला नख लावलं. आक्काबाईने त्याचं मनगट धरलं. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची.

"ह्ये माझं न्हाई," ती बन्सीला म्हणाली. "वाडीचं हाय. सांग त्याला. फोडायचं असंल तर मी विमानात बसत न्हाई."

बन्सीने आपल्या साहेबाला बोलावलं. बोलणं पुष्कळ झालं. शेवटी माझ्या गळ्यात दोऱ्याने एक कागदी चिठ्ठी बांधून मला सोडलं. तारीख, शिक्का, सगळं त्यावर होतं. लग्नातही माझ्या गळ्यात कुणी काही बांधलं नव्हतं.

विमान उडालं तेव्हा माझ्यातलं पाणी एकदा मागे गेलं आणि मग गप्प बसलं. आक्काबाईने डोळे मिटले होते ते बऱ्याच वेळाने उघडले. पलीकडच्या बायका लुगड्यांच्या रंगांवर बोलत होत्या. घटकाभराने खाली सगळं पांढरं झालं. पिंजलेल्या कापसाचा ढीग असावा तसं, आणि त्यातून दूरवर दोन-तीन शुभ्र टोकं वर आलेली.

"बन्स्या, परदेश कुठाय?"

"बरोबर खाली हाय, आई."

"मग उतरत का न्हाईत?"

"ढगानं खालचं काय दिसत न्हाई. डोंगर हायेत. धडकलं म्हंजे?"

विमानाने एक वळसा घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. आक्काबाई त्या ढगांकडे टक लावून बघत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला. बाजारात आपली हरवलेली शेळी दुसऱ्याच्या दावणीला दिसावी, तसा.

"हितं येऊन बसल्यात व्हय मेले," ती म्हणाली.

ज्यांच्यासाठी वाडीने पाणी पाठवलं होतं, तेच आडवे आले होते.

"ही खिडकी उघडत न्हाई का रं?"

"न्हाई, आई."

"जरा बी?"

"जरा बी न्हाई."

तिने मला खिडकीच्या काचेला टेकवलं आणि हात जोडले. मग विमान माघारी फिरलं. लुगड्यांवाल्या बायकांनी कपाळाला हात लावला. पाटण्यात उतरलो तेव्हा दुपारची भाकरी खायची वेळ झाली होती. पास मात्र वापरला गेला होता. पुन्हा मिळायचा तो पुढच्या साली, आणि बन्सीची रजा संपलेली.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला गंगेवर नेलं. नदी दोन्ही काठ धरून चालली होती. एवढं पाणी एका जागी पाहून आक्काबाईला आधी रागच आला. बन्सी हळूच म्हणाला, "आई, हितंच सोड ते पाणी. गंगेचं भरून घे. लाख मी लावतो. कोन बघायला येतंय?"

आक्काबाईने मला मांडीवर घेतलं आणि लाखेच्या कडेला नख लावलं. मित्रांनो, मी तिच्याकडे दहा-बारा वर्षं होतो, पण त्या वेळी मलाही तिचा भरवसा वाटेना. लाखेचा एक कण सुटला. तिचं नख थांबलं.

"गंगेला पाण्याची काय वाण?" ती म्हणाली. "वाडीनं घोट तोडून दिलंय ते. ज्याला दिलं त्याला पोचलं न्हाई, तर ज्याचं त्याला परत."

"लोक म्हनतील, तू गेलीच न्हाईस."

"म्हनतील."

वाडीत पोचलो तेव्हा देवळापुढे सगळी जमली होती. यात्रेहून परतणाऱ्याचे पाय धुवायची पद्धत आहे, पण पाणी घेऊन कुणी पुढे आलं नाही. थोडा दुष्काळ, थोडा संशय. आक्काबाईने मला पायरीवर ठेवलं. कारभारी खाली वाकला. लाख होती तशी, अंगठा होता तसा, तिरप्या घावासकट.

छबूबाईने पदर तोंडाला लावला. "बघा. मी म्हनलं हुतं का न्हाई? लेकाकडं जाऊन चार दिस हवा खाऊन आली. इमान कसलं आन् परदेश कसला."

"इमानात बसले," आक्काबाई म्हणाली. "वर गेले. तीन येढं घातलं. ढगानं उतरू दिलं न्हाई. तुमचं पाणी पोचलं न्हाई, परत आनलंय. माझं चुकलं असंल तर बोला."

कारभाऱ्याने माझ्या गळ्यातली चिठ्ठी शाळेच्या मास्तरांकडे दिली. त्यांनी विमानाचा शिक्का आणि तारीख वाचून दाखवली. छबूबाई म्हणाली, "चिठ्ठी काय, कुनी बी बांधंल."

"पाणी मोजा मंग," आक्काबाई म्हणाली. "आन् ज्याचं त्याला द्या."

"कुनाचं कंचं, ते आता कसं वळखायचं?" मास्तर म्हणाले. "आपल्याच महादेवाला घाला."

कारभाऱ्याने स्वतः लाख फोडली. मोजायला कारभाऱ्याच्या घरची आमटीची पळी होती; वाडीतल्या सगळ्या पळ्या एकाच मापाच्या. एक, दोन, तीन. पिंडीवर धार पडत होती आणि सगळी वाडी तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होती. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. मग मला पुरतं उलटं केलं. दोन थेंब आले, बस्स.

छबूबाईच तोंड उघडणार होती, तिनेच उघडलं. "एकतीस घरं. पळ्या तीस. आक्का, येक पळी कुनी पेली?"

आक्काबाईचा चेहरा उतरला. एवढा प्रवास करून, पोलिसाशी भांडून, गंगा टाळून आणलेलं पाणी, आणि एक पळी कमी. तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच गळलो असेन. राखेवर ठेवलेला तो पहिला दिवस मला आठवला. ओरडून सांगावं असं वाटलं, पण आम्हाला तोंड असतं ते फक्त ओतायला.

"न्हाई गं," ती एवढंच म्हणाली. "माज्या लेकराची आन हाय."

सगळे कारभाऱ्याकडे बघू लागले. निवाडा त्याचाच असायचा. तो पळीकडे बघत होता. त्याला गप्प बसता आलं असतं. मी शपथेवर सांगतो, कुणालाही कळलं नसतं.

"लाख माजी हुती," तो म्हणाला. "फुटली न्हवती."

"मंग पाणी गेलं कुठं?"

"कुठं गेलं न्हाई. माजी पळी रिकामीच हुती." त्याने मान वर केली नाही. "घरात तांब्याभर पाणी, आन् म्हातारी घशाला कोरड पडली म्हनून कन्हत हुती. म्हनलं, वैनी कुठं जातीय परदेशाला. मनमाडच्या नळाला भरून आनंल. मी आसतो तर तेच क्येलं असतं. म्हनून तर लाख लावली."

छबूबाईचा पदर तोंडावरून खाली आला. आक्काबाईने कारभाऱ्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि पुसली.

"भावजी, तवाच म्हनायचं न्हाई का," ती म्हणाली. "म्हातारीला पाजली म्हंजे पोचलीच की ती. एकतीस झाल्या."

त्या साली पाऊस आला का, असं तुम्ही विचाराल. आला नाही. पुढच्या साली आला, आपल्या मर्जीने. त्याचं श्रेय मी घेत नाही.

आता बन्सीने आईला पाटण्याहून थर्मास आणून दिला आहे. मी फळीवर असतो आणि माझ्यात वालाचं बी ठेवतात. माझं म्हणणं फार नाही, मित्रांनो. जुन्या भांड्याला वर्षातून दोनदा चिंच लावा आणि झाकण सैल ठेवा, म्हणजे आटे धरत नाहीत. माझ्या सांध्यात लाखेचा एक तुकडा अजून अडकलेला आहे. आक्काबाई मला घासते, पण तेवढा खरवडत नाही. तुमच्या हाती कधी आलो तर तुम्हीही खरवडू नका. आणि कुणाच्या झाकणाला लाख लावायची झाली, तर आधी आपली पळी एकदा उपडी करून बघा.