आतून किल्ली लागत नाही

मी कुलुपं दुरुस्त करते. बाई असून कसं, असं विचारणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवते. वडिलांकडून काम शिकले, त्यांच्यामागे दुकान मीच चालवते, आणि माझं डोकं लवकर फिरतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

वहिनी संडे स्कूल घेते. दुसऱ्या दिवशी ईस्टर, मुलांचं छोटंसं नाटक, आणि प्रार्थनाघरात नेमकं रंगकाम काढलेलं. म्हणून शनिवारी दुपारी ती पाच पोरं घेऊन माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तालमीला आली. तिथे दुरुस्तीला आलेली एक जुनी तिजोरी होती, माझ्या छातीएवढी उंच, आतले कप्पे काढलेली. तीच येशूची कबर ठरली.

"दार लागणार नाही ना गं?" वहिनीनं विचारलं.

"स्प्रिंगच नाही त्याला, आपोआप लागायचं नाही. नुसतं लोटा," मी कानस चालवता चालवता म्हणाले.

स्प्रिंग मी त्याच सकाळी बसवली होती. आणि साफ विसरले होते.

वहिनी पोरांना समजावत होती: आपल्या पापांची शिक्षा येशूनं स्वतःवर घेतली, वधस्तंभावर मेला, कबरीत ठेवला, तिसऱ्या दिवशी जिवंत झाला. यालाच तारण म्हणायचं. पोरं माना डोलवत होती, पण कळलं कुणालाच नव्हतं. मुंगी तेवढी हात वर करून उभी. मुंगी म्हणजे माझी भाची, वहिनीची सहा वर्षांची लेक. प्रश्न विचारून विचारून आईचा जीव खाते.

"पण दाराला एवढी मोठी धोंड होती ना? मग तो बाहेर कसा आला?"

"मरणाच्या किल्ल्या त्याच्याच हातात आहेत, म्हणून," वहिनी म्हणाली.

कुलुपवालीच्या घरातलं पोर ते! किल्ली म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार होतं?

वहिनी पाणी आणायला गेली, मी कानशीत गुंतलेले, आणि मागून 'खट्' असा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मी वळले. तिजोरीचं दार बंद होतं. खिळ्यावरची किल्ली जागेवर नव्हती.

"मुंगी कुठाय?"

"कबरीत," देवदूत झालेला पोरगा म्हणाला. "किल्ली घेऊन गेलीय. ती आतून उघडणार आहे."

मी तिजोरीकडे धावले. तिजोरीला आतून किल्लीचं भोक नसतं. कशाला असेल? आत कागद ठेवतात, दागिने ठेवतात, माणूस ठेवत नाहीत! दुसरी किल्ली मालकाकडे, आणि मालक परगावी. ड्रिलनं ते पोलाद कापायचं तर दोन तास. आत हवा किती वेळची? मला काय ठाऊक, मी डॉक्टर आहे का? तासभर असेल, पोर रडलं तर त्याहून कमी.

वहिनी तांब्या टाकून धावली. मी तिच्यावरच खेकसले, "काय काय भरवतेस पोरांच्या डोक्यात! किल्ल्या म्हणे!" तिनं बंबवाल्यांना फोन लावला. त्यांना यायला पाऊण तास लागणार होता. मग ती भिंतीशी गुडघे टेकून बसली.

मी वडिलांच्या वाकड्या तारा काढल्या. या कुलपात सहा खटके असतात. तारेनं एकेक खटका चाचपून नेमका उचलायचा आणि तसाच तोलून धरायचा. सहाही उचलले की दांडा सरकतो. डोळ्यांनी काही दिसत नाही, जे काय ते बोटांना कळतं.

एक उचलला. दोन. तीन. चौथ्याला तार लागली आणि आतून दारावर धाड् करून लाथ बसली. तिन्ही खटके खाली.

"मुंगे, ढकलू नकोस!"

आतून काहीतरी खरडल्याचा आवाज आला. किल्ली. पोर अंधारात पोलादावर किल्ली घासून भोक शोधत होतं. मग पुन्हा लाथा. पुन्हा तीन, पुन्हा खाली. घड्याळात वीस मिनिटं गेलेली. माझ्या बोटांना घाम सुटला, तार निसटायला लागली. मी ती पदराला पुसली आणि तोंड किल्लीच्या भोकाला लावलं.

"मुंगे, ऐक. आत्या बोलतेय. ते तुला उघडणार नाही."

"माझ्याकडे किल्ली आहे!" फार लांबून आल्यासारखा आवाज.

"असू दे. आतून ती लागत नाही. खाली ठेव आणि गप्प बस. तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. मी उघडतेय."

"तू जाऊ नकोस."

"मी कुठ्ठे जात नाही, बाळा."

आवाज थांबला. इतका थांबला की मला भलतंच वाटायला लागलं. हाक मारावी तर ती हलेल, न मारावी तर... वहिनीच्या तोंडून हुंदका फुटला आणि तिनं स्वतःच हातानं तो दाबला. पोरं श्वास रोखून उभी.

चार. पाच. सहावा गंजलेला होता. दोनदा सटकला. तिसऱ्यांदा हलकेच वर गेला, मी मूठ फिरवली, आणि दार उघडलं.

मुंगी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, घामानं निथळत, ओठ पांढरेफटक. तिनं एक लांब श्वास घेतला, मग खोकली, मग भोकाड पसरलं. तेवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. आम्ही तिघी तिथेच फरशीवर एकमेकींना धरून बसलो.

संध्याकाळी भाऊ आला तो तापूनच. "दार लागेल हे कुणाला कळलं नाही? कुणाची चूक?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "माझी. मीच तिला लपायला सांगितलं." तो तिला नाही नाही ते बोलला. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आणि मी? मी, गल्लीला धाकात ठेवणारी, कानस पुसत बसले. लाज वाटते सांगायला.

ईस्टरच्या सकाळी नाटक झालं, कबर पुठ्ठ्याची होती. नंतर वहिनीनं विचारलं, "तारण म्हणजे काय, कोण सांगेल?" मुंगी उठली.

"मी आत होते आणि माझ्याकडे किल्ली होती, पण आतून लागतच नाही. मी लाथा मारल्या तर आत्याचं सगळं पडायचं. मग मी गप्प बसले. मग ती आली."

कुणी हसलं नाही. देवदूत पोरगा म्हणाला, "पण मग शिक्षा कुणाला झाली?"

"आईला," मुंगी म्हणाली. "बाबा तिला रागावले."

"का? तिनं दार लावलं होतं?"

वहिनी घाईघाईनं पुस्तक उघडायला लागली. भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. मी उभी राहिले.

"नाही," मी म्हणाले. "स्प्रिंग मी बसवली होती. सकाळीच. आणि माझ्या वाट्याची बोलणी काल तिनं खाल्ली."