ओकच्या फळीवरचं फूल

अ‍ॅम्ब्रोज टिलयार्डनं जडशीळ लाकडी बाक भिंतीकडे ढकलला तेव्हा दगडी फरशीवर असा करकराट झाला की त्याच्या बायकोनं, हेस्टरनं, दोन्ही कानांवर हात ठेवले.

“खिडकीखाली बरा होता की,” ती चाकांच्या खुर्चीतून म्हणाली. “इथे बघून त्या सरकारी बाईला उलट संशय येईल.”

“येऊ दे. फूल तर दिसणार नाही.”

तो मागे सरकला, वाकून बघितलं, बाक आणखी थोडा रेटला. मग खिडकीशी गेला. गाडी अजून आली नव्हती. परत बाकाशी आला.

“बस रे जरा. पिंजऱ्यातल्या वाघासारखा काय फिरतोयस?”

तो बसला आणि लगेच उठला.

थॉर्नकोट हवेली सरकारच्या संरक्षित यादीत होती. म्हणजे घर टिलयार्डांचं आणि मर्जी सरकारची. छप्पर गळलं तर खर्च आपला, पण कौल कुठलं बसवायचं ते खात्याला विचारून. या गावात पोलिसाला कोणी भीत नाही. जिल्ह्याच्या वारसा-अधिकाऱ्याची गाडी वळली की मात्र खुद्द पाद्रीबाबा धावत जाऊन आपल्या प्लॅस्टिकच्या खिडकीवर वेल सारखी करतात.

अ‍ॅम्ब्रोजला फक्त एक दार हवं होतं. जिन्यावरून पडल्यापासून हेस्टरचे पाय गेले होते आणि तिचा पलंग स्वयंपाकघरात, शेगडीजवळ आला होता. पलीकडच्या दक्षिणेच्या खोलीत दिवसभर ऊन असे, बाग दिसे. पण तिथे जायच्या बोळात तीन पायऱ्या होत्या आणि खुर्ची त्यात मावत नव्हती. म्हणून तो तिला अंगणातून वळसा घालून ढकलत नेई, चिखलातून, तेही पाऊस नसला तर. मधल्या फळ्यांच्या भिंतीत दार काढलं की प्रश्न मिटला. जागाही एकच होती. एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला सगळा माळा तोलणारा खांब.

वारसा-अधिकारी मिस गॉसलिंग आली ती चिखलाचे बूट दाराशी काढून, मोज्यांवरच. चहा नको म्हणाली. फळ्यांवर बोटांनी टकटक करत गेली.

“बऱ्याच फळ्या नंतर बदललेल्या दिसतात,” ती म्हणाली. “दाराला माझी तरी हरकत नाही. तेवढा बाक सरकवता का?”

“फार जड आहे हो.”

“मी लावते ना हात.”

बाक सरकला आणि ती गुडघ्यांवरच बसली. फळीवर, कमरेच्या उंचीला, वर्तुळात कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल होतं.

“अरे देवा! मिस्टर टिलयार्ड, हे काय आहे माहितीये तुम्हाला? चेटकिणींनी घरात शिरू नये म्हणून कोरायचे लोक. तुमच्या दिवाणखान्यातल्या शेकोटीवर आहे, तसंच! तीन-साडेतीनशे वर्षांचं तरी असेल.” मग तिचा चेहरा उतरला. “माफ करा. आता इथे करवत लावता येणार नाही.”

अ‍ॅम्ब्रोज खिशातल्या किल्ल्या चाळवत राहिला.

“चेटकीण कसली, बाई,” हेस्टर म्हणाली. “आमच्या टोबीचे उद्योग आहेत ते. सुट्टीत पावसानं कोंडून ठेवलं होतं, शेकोटीवरचं बघून शाळेच्या कंपासनं काढलं. मी बदडला होता त्याला.”

टोबी त्यांचा एकुलता एक मुलगा. एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला.

“पण किती जुनं दिसतंय!”

“दिसणारच. दर आठवड्याला मेण लावून पुसते मी. खरं तेच सांगते. मला अंगणातून ढकलून ढकलून याची कंबर मोडली. काढा दार.”

मिस गॉसलिंगनं फुलाकडे पुन्हा निरखून बघितलं, मान हलवली आणि पेन्सिल काढली.

“तसं असेल तर प्रश्नच नाही. दार इथून येईल.”

पेन्सिलीची रेघ वरून खाली आली आणि पहिल्या पाकळीला टेकली. फळी म्हणजे फळी, असं अ‍ॅम्ब्रोज वर्षभर स्वतःला बजावत होता. मेलेलं पोर लाकडात नसतं, हेही. पण ती रेघ बघून तो एकदम पुढे झाला.

“थांबा!” तो ओरडलाच. “ते जुनंच आहे. माझ्या आजोबांच्या वेळेपासून बघतोय आम्ही. हिला... हिला हल्ली आठवत नाही नीट. पडल्यापासून.”

हेस्टरनं मान वळवली. गावातल्या तीन पिढ्यांचे वाढदिवस तिला तोंडपाठ होते आणि त्याचा तिला कोण अभिमान! तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं नजर खाली घातली. त्याचा तळहात फळीवरच्या फुलावर होता. मग तिनं मांडीवरची शाल सारखी केली.

“असेल बाई,” ती हळूच म्हणाली. “म्हातारपण. टोबीचं दुसरं कुठलं तरी असेल.”

मिस गॉसलिंगनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खोडरबरानं आपली रेघ पुसली, अगदी सावकाश, आणि फोटो घेतले.

“याची नोंद होणार,” ती म्हणाली. “यापुढे घर कुणाच्याही मालकीचं होवो, याला धक्का लावायचा नाही.”

“आम्ही गेल्यावरसुद्धा?” हेस्टरनं विचारलं.

“तुम्ही गेल्यावरसुद्धा. कायदाच आहे तसा.”

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर हेस्टरनं डोळे पुसले.

“मला वेडी ठरवलंस, मेल्या.”

“हो.”

“दार गेलं.”

“गेलं.”

“चल, ने मला उन्हाच्या खोलीत.”

“भुरभुर सुरू झालीये बाहेर.”

“मग छत्री आण की. मी धरते.”