कोरड्या विहिरीतली ओली चप्पल

सहादेव गर्जे मास्तरांची पहिली रहस्यकथा छापून आली. मुखपृष्ठावर पिस्तूल, कवटी, रक्ताचा ओघळ, किंचाळणारी बाई आणि मागे वाकडा चंद्र. नगरच्या प्रकाशकाच्या मागे लागून मास्तरांनीच हे सगळं काढवून घेतलं होतं.

पण शेवगावच्या एसटी स्टँडवर, केशरबाईच्या टपरीत, गठ्ठा महिनाभर हलला नाही. केशरबाईला अक्षरओळख नव्हती. तरी कोणतं पुस्तक खपणार ते ती नुसतं चित्र बघून सांगायची.

"केशरबाई, माझं का खपत नाही?" मास्तरांनी एकदाचं विचारलं.

"राग यील तुमाला."

"नाही येणार."

"वर समदंच दावलंय की! गिऱ्हाईक बघतं, म्हनतं, मेली बिचारी, अन् ठिवून देतं. आत काय हाय त्ये तरी सांगा."

मास्तर स्टुलावर टेकले. "दुष्काळाचं साल. गावचा तलाठी नाहीसा होतो. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीच्या तळाशी त्याची एक चप्पल सापडते. चिंब ओली."

पुस्तकांवरची धूळ झटकणारा केशरबाईचा हात थांबला. "वली? कोरड्या हिरीत?"

"हो. कारण त्या दिवशी..."

"सांगू नका!"

पाथर्डीच्या गाडीची वाट बघणारा बन्सी नावाचा शेतकरी मागून पुढे सरकला. "पन मास्तर, पानी आलं कुठनं?" बाहत्तर साल सरत आलं होतं. पाण्याचं नाव काढलं की माणूस कान टवकारायचा.

"बगा," केशरबाई म्हणाली. "निस्ती चप्पल काढा. बाकी समदं पुसा."

मास्तर नगरला आमोस पेंटरकडे गेले. तो सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. "मी दहा फुटी नट्या काढतो मास्तर, आणि तुम्ही चप्पल सांगता?" म्हणून तो आधी कुरकुरला. मग कामाला लागला, पण चप्पल काही ओली दिसेना. तेल लावल्यासारखी दिसे. शेवटी त्यानं स्वतःची चप्पल बादलीत बुचकळली आणि अंगणातल्या भेगाळलेल्या मातीवर ठेवली.

"अहो, टँकरचं पाणी ते!" त्याची बायको मरिया ओरडली.

"आता वाळेल, बोलू नकोस!" आमोस भराभर रेघा ओढत म्हणाला. त्या घाईतच चित्रातल्या टाचेखाली एक थेंब असा उतरला की मास्तर बघतच राहिले.

प्रकाशकानं उरलेल्या प्रतींना नवं मुखपृष्ठ चिकटवलं. आता स्टँडवर माणसं पुस्तक उचलत, उलटंपालटं करत. "बाई, ही ओली कशी?"

"मला कुठं वाचता येतं? आत लिवलंय."

आठवड्यात गठ्ठा संपला. केशरबाईनं एक प्रत मात्र मागं ठेवली होती. "आता मला वाचून दावा," ती म्हणाली.

रविवारी दुपारी मास्तर टपरीपाशी वाचायला बसले. बघता बघता पंधरावीस माणसं जमली. पाथर्डीची गाडी आली, गेली. बन्सी हलला नाही. तिसरं प्रकरण अर्ध्यावर आलं, गोष्टीतल्या कंपाउंडरचं नाव पुन्हा आलं, आणि केशरबाई म्हणाली, "तलाठ्याला कंपाउंडरनं मारलं."

मास्तरांच्या हातून पुस्तकच निसटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचं नाव आलं की तुमी आवाज बारीक करता."

"बाई, तुमी गप ऱ्हावा की!" बन्सी कळवळून ओरडला. सगळा स्टँड हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मास्तर.