सारख्या तुकड्यांचा साक्षीदार

मी एक डिटेक्टर बोलतोय. नाण्याएवढी सिलिकॉनची चकती, तोंडावर सोन्याचा मुलामा. नुसतं बोट लागलं तरी मी बिघडतो, म्हणून कारखान्यात मला जावयासारखं जपलं. पुढे प्रयोगशाळेत आलो आणि शहाण्या माणसांशी गाठ पडली.

हवा काढून घेतलेल्या डब्यात मी आणि माझा जुळा भाऊ समोरासमोर बसायचो. मध्ये पातळ पत्रा, त्यावर जड अणूंचा थर. अणू फुटला की एक तुकडा माझ्या अंगावर, दुसरा भावाच्या. आम्ही आपापल्या तुकड्याची ऊर्जा सांगायची, पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने बेरीज करायची. प्रत्येक तुकडा अंगात बारीक जखम करून जाई. कामात मात्र आम्ही कधी कसूर केली नाही.

तिच्या सरांचं लाडकं सूत्र होतं: अणूचे दोन सारखे तुकडे झाले की ऊर्जा सर्वांत जास्त. कागदावर झकास! प्रत्यक्षात असे सारखे तुकडे क्वचितच येत, आणि आले की बेरीज चक्क कमी भरे. आलेखात तिथे खड्डाच पडला.

"डिटेक्टर बिघडलेत," सर म्हणाले.

नाचता येईना, अंगण वाकडं!

तंत्रज्ञ काका तिला म्हणाले, "ताई, दोघांच्या जागा बदलून बघा की."

तिने बदलल्या. तीन आठवडे पुन्हा मोजलं. खड्डा जागचा हलला नाही; म्हणजे दोष आमच्यात नव्हता, खड्डा खरा होता. ती आनंदाने रडली. माणसांबद्दल मला बरं वाटलं ते तेवढंच, एकदा.

सरांनी आलेख बघितला. "चार-दोन ठिपके काय धरून बसलीस? काढून टाक. नाहीतर प्रबंधावर सही दुसऱ्या कुणाची घे."

तिची पाच वर्षं पणाला लागली होती. तिने ठिपके काढले. उरलेल्यांतून सरांची रेघ सुरेख गेली, टाळ्या पडल्या, पदवी मिळाली. सूत्राला आता दोघांची नावं आहेत. सरांची मला कीव येते, त्यांना कळतच नव्हतं. हिची किळस येते.

जखमांनी मी कधीच निकामी झालो. त्याच खोलीत, कपाटात पडून असतो. ती आता मॅडम आहे. परवा तिच्या विद्यार्थिनीने आलेख समोर ठेवला. तोच खड्डा.

"हे ठिपके काढून टाक," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, डिटेक्टर चांगले आहेत. मी जागा बदलून पाहिल्या."

"माहीत आहे मला. तरी काढ."

मला खुशाल भंगारात टाका, तक्रार नाही. फक्त या माणसांच्या खोलीत ठेवू नका.